ग्राहकाच्या पोर्टवर स्ट्रिक्ट यूआरपीएफ (पॅकेटच्या सोर्स पत्त्याकडे परतीचा मार्ग बघून तो खरा का खोटा हे राउटरने तपासणं) सरसकट लावावं का?

पॅकेटपाटील: खोटा सोर्स पत्ता ओळखायची खात्रीची जागा म्हणजे ग्राहकाचा पोर्ट. पॅकेट पुढे ट्रान्झिटला, म्हणजे दुसऱ्यांच्या नेटवर्कात, गेलं की खरं-खोटं कोण ठरवणार? खोटे सोर्स पत्ते अडवा असं सांगणारा बीसीपी ३८ दस्तऐवज मे २००० चा, तरी फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर १.३५ टेराबिट प्रति सेकंदाचा मारा झालाच. मेमकॅश या कॅशे सर्व्हरचे यूडीपी ११२११ पोर्ट उघडे होते, कबूल. पण सोर्स म्हणून दुसऱ्याचा पत्ता घालता आला नसता, तर त्या सर्व्हरची उत्तरं गिटहबकडे वळलीच नसती. माझं मत स्पष्ट आहे: सोर्सकडे परतीचा मार्ग त्याच इंटरफेसने नसेल तर पॅकेट ड्रॉप. सवलत कुणालाच नको.

उलटा_रूट: घरगुती फायबरला शंभर टक्के मान्य. बीएनजीवर (घरगुती ग्राहक जोडणाऱ्या राउटरवर) प्रत्येक ग्राहकाचा /३२, म्हणजे एकाच पत्त्याचा, रूट त्याच्याच सेशनकडे असतो, काही बिघडत नाही. पण दोन आयएसपी घेतलेल्या ग्राहकाचं काय? त्याने बीजीपीत (नेटवर्कं एकमेकांना रूट सांगतात तो प्रोटोकॉल) कम्युनिटी ही खूण लावून तुमच्याकडचा लोकल प्रेफरन्स, म्हणजे त्याच्या रूटची पसंती, उतरवला, की त्याच्याकडे जायचा तुमचा बेस्ट पाथ अपस्ट्रीमकडून (तुमच्या वरच्या आयएसपीकडून) जातो. मग त्याच्याच लिंकवरून आलेलं त्याचं खरं पॅकेट तुम्ही फेकणार. लिंक अप, बीजीपी अप, ट्रॅफिक गायब! ड्रॉप काउंटर बघायचं सुचेपर्यंत रात्र जाते.

पॅकेटपाटील: मग त्याला लूज मोड द्या.

उलटा_रूट: लूज मोड सोर्सकडे कुठल्याही इंटरफेसने रूट आहे का एवढंच बघतो. ज्याच्यावर मारा करायचा त्याचा पत्ता फुल टेबलमध्ये (सगळ्या इंटरनेटच्या रूटच्या यादीत) असणारच! अडकणार १०.०.०.०/८ सारखा खासगी पत्त्यांचा कचरा, बस. डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्या पत्त्यांसाठीचा एकच रूट) धरायची मुभा दिली तर तोही सुटतो. अशा ग्राहकाला प्रीफिक्सनुसार इनबाउंड एसीएल, म्हणजे त्याच्या पत्त्यांच्या ब्लॉकांचीच पॅकेट आत घेणारी यादी, लावा.

पॅकेटपाटील: आणि त्याने नवीन ब्लॉक घेतला, एसीएल बदलायचं राहिलं, की पुन्हा तोच आउटेज.

उलटा_रूट: बीजीपी फिल्टर (ग्राहकाचे कुठले रूट घ्यायचे ती यादी) ज्या स्क्रिप्टमधून निघतो त्यातूनच एसीएल काढायचा. मात्र जे ब्लॉक तो तुम्हाला जाहीर करत नाही पण सोर्स म्हणून वापरतो, तेही विचारून घ्या. तिथेच बहुतेकांचं फसतं.

कर्नलकाका: लिनक्स राउटरवाल्यांनो, आरपी_फिल्टरमध्ये (कर्नलमधल्या याच तपासणीच्या सेटिंगमध्ये) 'ऑल' आणि त्या-त्या इंटरफेसला दिलेला आकडा यांतला मोठा चालतो. 'ऑल' १ (स्ट्रिक्ट) असताना इंटरफेसला ० (बंद) दिलंत तरी तपासणी स्ट्रिक्टच राहते. लूज हवं तर २ द्या. आयपीव्ही६ ला हे सेटिंग लागूच नाही, तिथे एनएफटेबल्स या फायरवॉलमध्ये फिब (रूटिंग टेबल) तपासणीचा नियम स्वतः लिहावा लागतो. तुम्ही दोघं आयपीव्ही४ वर भांडताय, व्ही६ चं दार उघडंच आहे.