लोण्यातली गोड गाजरं: तुमच्या घरची आठवण सांगा

आज गाजराच्या चकत्यांवर साखर भुरभुरली, वर लोण्याचा गोळा टाकला आणि त्या वासाने आईच आठवली. मी तापातून उठले होते, तोंडाला चव नव्हती. तिने पसरट पातेल्यात चकत्या मांडल्या, जेमतेम अर्ध्या बुडतील एवढं पाणी, लोणी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. आधी झाकण ठेवून शिजवलं, मग झाकण काढून गॅस मोठा केला. पाणी आटत आलं की बुडबुडे मोठे आणि संथ होतात, आवाजही बदलतो. तेव्हा ती चमचा घालत नसे, पातेलंच हलवत राही. चकत्या चकाकल्या की गॅस बंद. ती वाटी मी चाटूनपुसून संपवली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्याकडे कसं करतात? लिहा ना.

— आवाजाचं अगदी खरं! आधी खळखळ, मग चरचर. चरचर सुरू झाली की जागचं हलायचं नाही. परवा नेमका तेव्हाच फोन वाजला. पाक काळा झाला, पातेलं अजून भिजत पडलंय.

— ताई, डोळ्यांत पाणी आणलंत.

— माझं लोणी नेहमी सुटून बाजूला होतं, गाजरं नुसती तेलकट दिसतात. काय चुकतं?

— पाणी पार आटू देतेस बहुतेक. तसं झालं तर दोन चमचे पाणी घाल आणि पातेलं गोल गोल फिरव, पुन्हा एकजीव होतं. ५०० ग्रॅम गाजराला मी २ मोठे चमचे लोणी घेते. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको.

— लेक तीन वर्षांची, भाजी म्हटलं की तोंड फिरवते. ही गाजरं मात्र "चमचम गाजर" म्हणून मागून खाते. आणि गाजरातलं कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबत जास्त चांगलं शोषलं जातं, त्यामुळे लोणी घालताना माझा हात आखडत नाही.

— चकत्या सारख्या जाडीच्या हव्यात हो, नाहीतर काही कच्च्या राहतात नि काहींचा लगदा होतो. सासूबाई दाताने खाऊ शकत नव्हत्या, तेव्हा त्यांच्यासाठी मी मुद्दाम पातळ कापायचे. शेवटचे दोन महिने त्या हेच आवडीने खायच्या. अजूनही हात आपोआप पातळच कापतो.

— लिंबू पिळता का कुणी? मी पिळते, पण गॅस बंद केल्यावर. आधी पिळलं तर गाजर शिजायला फार वेळ घेतं.

— साखरेऐवजी मध चालेल?

— चालेल, पण मध लवकर करपतो. पाणी आटत आल्यावर घाला, आच कमी ठेवा.

— गाजर सोलताना बोट कापलंय, आठवडाभर फक्त वाचणार 😄

— अगं जप! खोल नाही ना?

— नाही नाही, पट्टी लावलीये.

— ते करपलेलं पातेलं कुणाचं? त्यात पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून उकळा. पातेलं ॲल्युमिनियमचं असेल तर सोडा नको, नुसतं पाणी उकळा.

— माझं, स्टीलचं आहे. लगेच ठेवलं गॅसवर.

— निघालं!! कडेला थोडं राहिलंय, पण तळ लख्ख. गाजरं सोलायला घेतलीत, आज फोन दुसऱ्या खोलीत.