मदत हवी आहे: आईच्या बायोप्सीत 'पी१६ पॉझिटिव्ह' आलंय, हे घराण्यातून येतं का?

खारीबिस्कीट

नमस्कार मंडळी. आईचं वय ५२. गर्भाशयमुखाच्या पॅप टेस्टमध्ये गडबड निघाली म्हणून कोल्पोस्कोपी (दुर्बिणीतून तपासणी) आणि बायोप्सी झाली. काल रिपोर्ट मिळाला: 'सीआयएन ३. पी१६ ब्लॉक पॉझिटिव्ह. इन्व्हेजन दिसत नाही.' म्हणजे कॅन्सरआधीचा गंभीर बदल आहे, पण तो आत पसरलेला दिसत नाही. या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीत १६ नंबरचा प्रकार आलाय. पुढच्या आठवड्यात लीप, म्हणजे तेवढा भाग तारेने कापून काढायचं ठरलंय, त्याबद्दल काही शंका नाही. पण ओपीडीत एवढी गर्दी होती की बाकीचं विचारायचं राहूनच गेलं.

एक म्हणजे, पी१६ हे पेशींची वाढ रोखणारं प्रथिन आहे असं वाचलं. मग ते भरपूर असणं चांगलंच ना? रिपोर्टमध्ये ते वाईट बातमीसारखं का लिहिलंय?

दुसरं, ओळखीच्या एका लॅबवाल्याने 'कॅन्सर जीन पॅनल' करून घ्या म्हणून गळ घातली आहे. खर्च बराच आहे. करावं का?

आणि तिसरं खरं डोक्याला ताप देणारं. मावशीने धसका घेतलाय. तिच्या मुलीचं लग्न ठरतंय आणि 'आपल्या रक्तातच आहे, मुलाकडच्यांना सांगावं लागेल' असं तिचं चाललंय. मीही तिशी ओलांडली आहे. आम्ही काय करावं?

हळद-गोमूत्रवाले प्रतिसाद कृपया नकोत.

स्लाइडवाला

पॅथॉलॉजीत आहे, पण तुमची स्लाइड पाहिलेली नाही. उपचारांचं डॉक्टरांकडूनच घ्या. पी१६चा प्रश्न मात्र फार आवडला. आमचे विद्यार्थीही इथेच अडखळतात.

पी१६ म्हणजे ब्रेकचं पेडल समजा. पेडल दाबलं की आरबी नावाचं प्रथिन पेशीचं विभाजन थांबवतं. एचपीव्ही १६चं ई७ प्रथिन या आरबीलाच निकामी करतं, म्हणजे ब्रेकची वायरच कापली जाते. एरवी पी१६ला आवर घालण्याचं कामही आरबीच करतं. तो आवर गेला की पी१६ वाढत जातं, पण त्याने थांबत काहीच नाही. म्हणून बायोप्सीत पी१६च्या रंगाचा सलग तपकिरी पट्टा (तुमच्या रिपोर्टमधलं 'ब्लॉक पॉझिटिव्ह') दिसला की आम्हाला कळतं, इथे विषाणूचं ई७ जोरात आहे.

त्याचा जोडीदार ई६. तो पी५३ या राखणदाराला पेशीच्याच यंत्रणेकरवी मोडीत काढतो. इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये पी५३चं जनुकच बिघडलेलं असतं. इथे ते बहुधा शाबूत असतं, प्रथिन मात्र टिकू दिलं जात नाही. १९५१ साली बाल्टिमोरमधल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशींतही नेमकं हेच आहे, फक्त तिथे विषाणू १८ नंबरचा.

बहुतेक बायकांमध्ये हा संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ठाण मांडून बसला तर विषाणूचा डीएनए कधीकधी आपल्या गुणसूत्रात घुसतो. घुसताना बऱ्याचदा त्याचं ई२ जनुक तुटतं. ई६-ई७वर वचक ठेवणारं तेच, त्यामुळे दोघे मोकाट सुटतात. मग पेशीच्या स्वतःच्या डीएनएत चुका साठू लागतात: तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब बाहूच्या जादा प्रती, पीआयके३सीए जनुकातले ठरावीक बदल. २०१७ साली अमेरिकेच्या टीसीजीए या कॅन्सर-जनुकांच्या प्रकल्पाने गर्भाशयमुखाच्या २२८ गाठी तपासल्या, त्यात पीआयके३सीए ठळकपणे दिसलं. गंमत म्हणजे, त्यातले बरेच बदल विषाणूशी लढणारी आपलीच एपोबेक विकरं (एन्झाइम्स) करतात असं दिसतं.

या सगळ्याला वर्षानुवर्षं लागतात आणि ते घडतं गर्भाशयमुखाच्या त्या तेवढ्या पेशींत. तुमच्या आई जन्मतः हे घेऊन आल्या नाहीत आणि तुम्हाला त्यांनी ते दिलेलंही नाही. सीआयएन ३ला जीन पॅनलने उपचार बदलत नाहीत. पैसे वाचवा.

अपवाद आहे. ओठांवर काळे ठिपके आणि आतड्यात पॉलिप असणारा प्यूट्झ-येगर्स हा आनुवंशिक आजार, त्यात गर्भाशयमुखाच्या एका दुर्मीळ प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

जास्वंद७

मावशींना सांगा, मुलाकडच्यांना कळवण्यासारखं यात काही नाही. मुलीला एचपीव्हीची लस द्यायची असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. लग्नाआधी घेतलेली बरी, कारण आधीच झालेला संसर्ग ती घालवत नाही. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅकही आहे.

तुम्ही मात्र एचपीव्ही चाचणी करून घ्याच. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला होता. ही चाचणी एकदाच केलेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. निकाल २००९ साली आले. आपल्याच मातीतला पुरावा आहे.

खारीबिस्कीट

खूप आभार दोघांचे. जीन पॅनल रद्द. एक अवघड प्रश्न: आईला हा विषाणू लागला कधी? ती बाबांशी नीट बोलत नाहीये.

स्लाइडवाला

ते कोणतीच चाचणी सांगू शकत नाही. संसर्ग वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो, मधली बरीच वर्षं गप्प बसलेला. 'आत्ता सापडला म्हणजे आत्ता लागला' असं नसतं. हे आईंना त्यांच्या डॉक्टरांच्या तोंडून, बाबा शेजारी असताना ऐकवा.

लीपनंतर दोन गोष्टी विचारा: कडा, म्हणजे मार्जिन, साफ आहेत का आणि पुढची एचपीव्ही चाचणी कधी. साधारण सहा महिन्यांनी करतात. नंतरही बरीच वर्षं तपासण्या चुकवायच्या नाहीत.

खारीबिस्कीट

दोघांनाही सोबत नेते. मार्जिनचा रिपोर्ट आला की याच धाग्यावर टाकेन.