मदत हवी आहे: कुत्रीला घेऊन कमी खर्चात सुट्टी कशी आखावी?

नमस्कार मंडळी. आमच्या चार वर्षांच्या राणीला मागच्या सुट्टीत बोर्डिंगमध्ये (पैसे घेऊन कुत्री सांभाळतात तिथे) ठेवलं, तर पोरगी तीन दिवस नीट जेवली नाही. वर बोर्डिंगचं बिल आमच्या राहण्याच्या खर्चाएवढं! यंदा तिला सोबतच न्यायचं ठरवलंय.

आधी एका दिवसाच्या सहली करून बघतोय. गाडीत तिला मळमळतं, म्हणून निघण्याआधी तीन-चार तास खायला देत नाही. उन्हात रस्त्यावर हाताची मागची बाजू 7 सेकंद टेकवून बघतो. चटका बसला तर तिला चालवत नाही. बंद गाडीत तर तिला क्षणभरही ठेवणार नाही, 10 मिनिटांत आतलं तापमान 10 अंशांनी चढू शकतं. त्यामुळे जिथे कुत्र्यांना प्रवेश नाही, तिथे आमच्यातला एक जण कायम बाहेर. तुम्ही यातून काय मार्ग काढता?

मुक्कामाचंही विचारायचंय. ‘पाळीव प्राणी चालतील’ असं वाचून जावं, तर पोहोचल्यावर साफसफाईचे वेगळे पैसे आणि अनामत मागतात. बुकिंगआधी नेमकं काय काय विचारून घ्यावं? आणि रेबीजच्या लसीच्या दाखल्याव्यतिरिक्त आणखी कोणते कागद जवळ ठेवता?