सोलापुरात स्विफ्ट शिकायला आधी मॅक घ्यायलाच हवा का?

होटगी रोड (धागाकर्ता):
स्विफ्ट म्हणजे आयफोनची ॲप्स जिच्यात लिहितात ती प्रोग्रामिंगची भाषा. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरला जोडायचं स्विफ्ट एक्स्टेन्शन २०२५ मध्ये दुसऱ्या आवृत्तीवर आलं, आता ते स्विफ्ट प्रकल्पाच्या अधिकृत खात्यावरून मिळतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी स्पष्ट सांगतो, मॅकसाठी (ॲपलच्या कॉम्प्युटरसाठी) थांबू नका. विंडोज किंवा लिनक्सवर आजच सुरुवात करा.

स्विफ्ट ६.१ पासून इंडेक्सिंग (कोडमध्ये काय कुठे आहे याची नोंद) मागच्या मागे आपोआप चालतं. आधी दुसऱ्या मॉड्यूलमध्ये (कोडच्या वेगळ्या भागात) काही बदललं की बिल्ड होईपर्यंत, म्हणजे कोडचा प्रोग्राम तयार होईपर्यंत, एडिटर जुन्याच गोष्टी सुचवायचा. डीबगर (चुका शोधायचं साधन) आता टूलचेनसोबतच, म्हणजे स्विफ्टच्या साधनांच्या संचासोबतच, येतो, त्यासाठी दुसरं एक्स्टेन्शन शोधावं लागत नाही.

मला सगळ्यात आवडली ती टेस्टची सोय, म्हणजे कोड बरोबर उत्तर देतो का ते तपासणं. टॉवेल कारखान्याच्या मजुरीचा हिशोब घ्या: डझनाचा दर, जादा कामाचा वेगळा दर, उचल वजा. स्विफ्ट टेस्टिंग या टेस्ट लिहायच्या साधनात एकच टेस्ट लिहायची आणि तिला डझनांचे वेगवेगळे आकडे द्यायचे. बाजूच्या पॅनेलमध्ये प्रत्येक आकड्याचा निकाल वेगळा दिसतो. चुकलेल्या ठिकाणी किती यायला हवे होते आणि किती आले, दोन्ही समोर. मुलं इथे खरं प्रोग्रामिंग शिकतात.

जुळे सोलापूर:
सर, तुमची तळमळ कळते, पण मुलांना अर्धंच सांगताय. मुलगा स्विफ्ट शिकतो तो आयफोनचं ॲप करायला. आयओएसचं (आयफोनच्या सिस्टिमचं) एसडीके, म्हणजे ॲप बनवायची साधनं, आणि सिम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली आयफोन, ॲपलच्या एक्सकोड या सॉफ्टवेअरसोबत येतात, आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. ॲपचे स्क्रीन बनवायचं स्विफ्टयूआय विंडोजवर नाही, लिनक्सवरही नाही. हे एक्स्टेन्शन स्विफ्ट पॅकेज (पुन्हा वापरता येणारा कोडचा गठ्ठा) छान उघडतं, पण कंपनीतला एक्सकोडचा प्रोजेक्ट दिला की नुसत्या त्याच्यावर भागत नाही. घरी बाप यंत्रमागावर दोन पाळ्या करून फी भरतो. त्या घरातल्या मुलाला सहा महिन्यांनी 'आता मॅक घे' म्हणणं मला पटत नाही. पहिल्याच दिवशी सांगा.

होटगी रोड:
पहिल्या दिवशी सांगायलाच हवं, मान्य. पण म्हणून भाषाच शिकू नये? ऑप्शनल, प्रोटोकॉल, ॲक्टर, असिंक-अवेट या भाषेतल्या मूळ गोष्टींना मॅक लागत नाही. स्विफ्ट २०१५ पासून मुक्तस्रोत आहे, २०२० पासून विंडोजवर अधिकृतपणे चालते. मजुरीचा हिशोब पॅकेजमध्ये लिहिला तर तेच पॅकेज उद्या आयफोनच्या ॲपला जसंच्या तसं जोडता येतं.

अक्कलकोट रोड, शेवटचं वर्ष:
माझा लॅपटॉप ८ जीबीचा आहे. मोठं पॅकेज उघडलं की इंडेक्सिंग सुरू होतं आणि ब्राउझर गुदमरतो. विंडोजवर आधी व्हिज्युअल स्टुडिओचे सी++ बिल्ड टूल्स आणि विंडोज एसडीके टाकावे लागतात, ते डाउनलोड काही छोटं नाही. काय करू?

सात रस्ता (सध्या पुण्यात, आयओएसचं काम):
बॅकग्राउंड इंडेक्सिंग सेटिंगमधून बंद करता येतं, तेवढं कर. लिनक्स टाकलंस तर व्हिज्युअल स्टुडिओचा प्रश्नच मिटतो.
बाकी मी जुळे सोलापूरच्या बाजूने. मुलाखतीत व्ह्यू (स्क्रीनचा भाग) पुन्हा का काढला गेला, मेमरी कुठे अडकली हे विचारतात. ते एक्सकोडसोबतच्या इन्स्ट्रुमेंट्स या तपासणीच्या साधनात बघून हाताला बसतं, वाचून नाही. आणि स्विफ्टयूआयचा प्रिव्ह्यू समोर नसेल तर नवशिक्याला लेआउट कळतच नाही.

होटगी रोड:
ताई, म्हणून माझं म्हणणं असं की कॉलेजांनी लॅबमध्ये दोन-तीन मॅक मिनी ठेवावेत. लॉजिक आणि टेस्ट मुलांनी घरी लिहाव्यात, स्क्रीनचं काम लॅबमध्ये पाळी लावून करावं. चाळीस मुलांना चाळीस मॅक कोणी देणार नाही.

जुळे सोलापूर:
हे पटलं. पण ॲप स्टोअरवर टाकायचं म्हटलं की डेव्हलपर खात्याचे वर्षाला ९९ डॉलर आलेच. फुकटच्या खात्यावरून स्वतःच्या फोनवर टाकलेलं ॲप सात दिवसांनी बंद पडतं. लॅबमधली मुलं कोणाच्या खात्यावर ॲप साइन करणार (ॲपवर खात्याची डिजिटल सही), ते ठरवून मगच मुलांना प्रवेश द्या.