सतरा महिने अध्यक्षाविना: चौदाव्या विधानसभेतला दोष कोणाचा?

धागाकर्ता:
महाराष्ट्राच्या चौदाव्या विधानसभेत (२०१९–२४) नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ ला अध्यक्षपद सोडलं. पुढचे अध्यक्ष राहुल नार्वेकर निवडून आले ते थेट ३ जुलै २०२२ ला. मधला सगळा काळ उपाध्यक्ष नरहरी झिरवळ यांनी सभागृह सांभाळलं. माझ्या मते याला महाविकास आघाडीच जबाबदार आहे. नोव्हेंबर २०१९ च्या विश्वासदर्शक ठरावाला १६९ मतं पडली होती, बहुमताला लागतात १४५. मग २०२१ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनातच निवडणूक का नाही लावली? गुप्त मतदानात मतं फुटतील ही धास्ती होती. म्हणून डिसेंबरमध्ये नियम बदलून खुलं मतदान आणलं.

प्रतिसाद १:
साफ असहमत. निवडणुकीची तारीख राज्यपाल ठरवतात. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने ती मागितली, तेव्हा राज्यपाल कोश्यारी यांनी नियमबदलावरच आक्षेप घेतला. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बदलाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, तरी तारीख मिळाली नाही. ३० जूनला सरकार बदललं आणि तिसऱ्या दिवशी निवडणूक झाली, तीही गुप्त नव्हे, शिरगणतीने! नार्वेकर १६४, आघाडीचे उमेदवार राजन साळवी १०७. आक्षेप खरा होता तर तो जुलैत कुठे गेला?

धागाकर्ता:
डिसेंबरनंतरचं मान्य. पण आधीच्या दहा महिन्यांचं काय? कोविडचं कारण मला पटत नाही. जुलै २०२१ चं अधिवेशन दोन दिवसांचं का होईना, झालं. त्यात भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित केले (सर्वोच्च न्यायालयाने पुढे ते रद्द केलं). विरोधकांची १२ मतं कमी असतानाही निवडणूक घेतली नाही.

प्रतिसाद २:
तारखेच्या वादात जून २०२२ मधलं शिवसेनेतलं एकनाथ शिंदे गटाचं बंड राहून जातंय. अध्यक्षपद रिक्त असलं की राज्यघटनेच्या कलम १८० प्रमाणे त्याचं काम उपाध्यक्षाकडे येतं, पक्षांतराच्या अपात्रता याचिकांसकट. झिरवळांनी १६ बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. त्याआधीच बंडखोर गटाने त्यांना हटवण्याची नोटीस दिली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या नबाम रेबिया निकालानुसार (अरुणाचल प्रदेश विधानसभेचं प्रकरण) अशी नोटीस प्रलंबित असताना पीठासीन अधिकाऱ्याला (अध्यक्ष किंवा उपाध्यक्षाला) अपात्रता ठरवता येत नाही. हटवण्याच्या ठरावाला १४ दिवसांची पूर्वसूचना लागते, म्हणजे तेवढा काळ हात बांधलेले. सर्वोच्च न्यायालयाने आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत दिली आणि तोवर सत्तांतर उरकलं. पूर्णवेळ अध्यक्ष असता तर ही वेळ आली नसती.

प्रतिसाद १:
का नसती? हीच नोटीस अध्यक्षांनाही देता येते. नबाम रेबियात तर अध्यक्षच होते. मूळ दुखणं त्या निकालात आहे.

प्रतिसाद २:
देता येते, पण मग अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघांविरुद्ध द्यावी लागली असती. एकच खुर्ची भरलेली होती, म्हणून एका कागदात काम झालं. निकालाबद्दल मात्र तुमचं बरोबर. ११ मे २०२३ ला घटनापीठाने तो प्रश्न सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला आणि त्या १६ जणांच्या अपात्रतेचा फैसला नार्वेकरांवर सोडला. १० जानेवारी २०२४ ला त्यांनी कोणालाच अपात्र ठरवलं नाही.