सात फूट उंचीच्या अंधाऱ्या न्हाणीघरासाठी कोणते दिवे घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार.

पुण्यात कोथरूडमधील एका जुन्या गृहनिर्माण सोसायटीत आमचे घर आहे. घरातील न्हाणीघर आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद असून, त्या काळच्या अनेक इमारतींप्रमाणे त्याच्यावर सिमेंटचा पक्का माळा आहे. त्यामुळे आतली उंची जेमतेम सात फूट भरते. एकमेव खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडते आणि तिचा अर्धा भाग एक्झॉस्ट पंख्याने अडवलेला आहे, म्हणून भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय आत जाता येत नाही. भिंतींना वरपर्यंत गडद हिरव्या लाद्या आहेत आणि जमिनीला काळपट करड्या. माळ्याची खालची बाजू वाफेमुळे पिवळट पडली आहे. एवढ्या जागेला एकच दिवा आहे : दाराच्या वर, आतल्या बाजूला, अँगल होल्डरमध्ये लावलेला ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब.

आजवर आम्ही सर्वांनी हे चालवून घेतले, पण आता तसे करता येणार नाही. माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि एका डोळ्यात काचबिंदू आहे. त्या स्टुलावर बसून, बादली समोर घेऊन आंघोळ करतात. नळ दाराच्या समोरच्या भिंतीला आहे, म्हणजे त्या नळाकडे तोंड करून बसल्या की दिवा नेमका पाठीमागे येतो आणि त्यांची स्वतःचीच सावली बादलीवर, तांब्यावर आणि पायांखालच्या फरशीवर पडते. उठून दाराकडे वळल्या की तोच उघडा बल्ब थेट डोळ्यांत जातो आणि क्षणभर काहीच दिसत नाही. "बादलीचा काठ कुठे आणि फरशी कुठे, ते मला हाताने चाचपावे लागते," असे त्या सांगतात. त्यांना स्वतःची आंघोळ स्वतः करायची आहे, दारात कोणी उभे राहिलेले त्यांना आवडत नाही, आणि त्यांचे हे स्वातंत्र्य शक्य तितकी वर्षे टिकावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. दुकानदाराने २२ वॅटचा चौकोनी सरफेस पॅनल छताच्या मधोमध लावायला सांगितला. आमच्या नेहमीच्या वायरमनचे म्हणणे आहे की भिंतीवर दोन स्पॉटलाइट बसवावेत. शेजाऱ्यांनी केवळ बल्ब बदलून १५ वॅटचा घ्या, असे सुचवले. तिन्ही सल्ले चांगल्या हेतूने दिलेले आहेत, परंतु सावली आणि डोळ्यांवर येणारी तिरीप या दोन्ही अडचणी त्यांतल्या कोणत्या उपायाने सुटतील, हे मला ठरवता येत नाही.

काही मर्यादा सांगते. लाद्या फोडायच्या नाहीत, कारण एकदा लादी हलली की खालच्या घरात पाणी झिरपण्याची भीती असते. माळा पक्का असल्यामुळे छतात खोलगट बसणारे दिवे लावता येणार नाहीत. गीझर उजव्या भिंतीवर आहे, तर बेसिन आणि आरसा डाव्या भिंतीवर दाराजवळ. मजुरीसह पाच-सहा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

एकच मोठा दिवा लावावा की दोन-तीन लहान? प्रकाशाचा रंग कोणता असावा? आणि इतक्या कमी उंचीवर, पाणी उडते त्या जागी, कोणते दिवे सुरक्षित ठरतात? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी विद्युत अभियंता असून घरांच्या प्रकाशयोजनेचे काम करतो. आपण खोलीचे वर्णन इतके नेमके केले आहे की उत्तरही नेमके देता येईल.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. तो किती प्रकाश देतो ते लुमेनमध्ये मोजतात आणि हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. आपल्या ९ वॅटच्या बल्बचा प्रकाश साधारण ९०० लुमेन धरू. खोलीचे क्षेत्रफळ सुमारे ३.७ चौरस मीटर आहे, त्यामुळे सगळा प्रकाश जमिनीवर पोहोचला असता तर २४० लक्सपर्यंत (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) उजेड मिळाला असता. प्रत्यक्षात बराचसा प्रकाश आधी भिंतींवर आदळतो आणि गडद हिरवी लादी त्यातला फारच थोडा परत पाठवते. अशा खोलीत दिव्याच्या प्रकाशाचा चौथा हिस्सा कामाच्या जागी पोहोचला तरी पुष्कळ झाले, म्हणजे आपल्याकडे सध्या साठेक लक्स मिळत असावेत आणि सासूबाईंच्या सावलीत त्याहूनही कमी. त्यांच्यासाठी मी किमान २०० लक्स धरेन, आणि त्यासाठी सुमारे ३००० लुमेन लागतील. १५ वॅटचा बल्ब १५०० लुमेनच्या आसपासच अडकेल, सावली होती तिथेच राहील आणि डोळ्यांना होणारा त्रास मात्र वाढेल.

यावरून हेही लक्षात येईल की प्रश्न जितका प्रकाशाच्या प्रमाणाचा आहे, तितकाच तो कोणत्या दिशेने येतो याचा आहे. मधोमध लावलेला मोठा पॅनल पाठीमागच्या बल्बपेक्षा बरा, परंतु स्टूल नळाजवळ असल्यामुळे तोही त्यांच्या डोक्याच्या थोडा मागेच येईल. स्पॉटलाइटचा विचार आपण सोडून द्यावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यांचा झोत अरुंद आणि तीव्र असतो, सात फुटांच्या छताखाली तो डोळ्यांच्या फार जवळ येतो आणि ओल्या, गुळगुळीत लादीवर त्याचे चकचकीत ठिपके उमटतात. काचबिंदू असलेल्या व्यक्तीला ती चमक पाण्यापासून वेगळी ओळखणे अवघड जाते.

माझी सूचना अशी आहे. खोलीचे दोन भाग माना : दाराकडचा कोरडा भाग आणि नळाकडचा ओला भाग. कोरड्या भागात छताला १५ वॅटचा, दुधी झाकणाचा, पॉलिकार्बोनेटचा गोल बल्कहेड दिवा लावावा. धातूचे स्वस्त दिवे वाफेने लवकर गंजतात. ओल्या भागात उघडा बल्ब किंवा २३० व्होल्टचा दिवा न लावता १२ व्होल्टची एलईडी पट्टी अॅल्युमिनियमच्या पन्हळीत, दुधी झाकणाखाली बसवावी. डाव्या भिंतीला लागून, नळाच्या भिंतीपासून सुरू होऊन चार-साडेचार फूट, अशी ती छतावर गेली की प्रकाश सासूबाईंच्या समोरून आणि बाजूने येईल. त्यांच्या शरीराची सावली मागे, दाराच्या दिशेने पडेल आणि तिथला दिवा ती भरून काढेल.

१२ व्होल्टचा आग्रह का, तेही सांगतो. आंतरराष्ट्रीय मानकांत न्हाणीघराचे विभाग पाडलेले आहेत. जिथे प्रत्यक्ष आंघोळ होते त्या जागेवरचा, जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग विशेष जोखमीचा धरला जातो. आपले छतच सुमारे २.१३ मीटरवर आहे, म्हणजे ओल्या भागातले छतही त्या विभागातच येते. १२ व्होल्टच्या पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज १२ व्होल्टवर आणणारी डबी, माळ्यावर कोरड्या जागी ठेवता येतो आणि माळ्याला लहानसे छिद्र पाडून तेवढी तार खाली आणता येते, त्यामुळे लादीला हात लावावा लागत नाही. छिद्र सिलिकॉनने बंद करून घ्यावे. ड्रायव्हर घेताना त्याचे आउटपुट मुख्य विजेपासून पूर्ण विलग असलेले आहे ना, हे विचारून घ्यावे. माळ्यावरच्या गाद्या-गोधड्यांखाली तो दडपला जाऊ नये, कारण उष्णता कोंडली की एलईडी शाबूत असतानाही ड्रायव्हर आधी जातो.

पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडाही पाहावा. 'आयपी'नंतरचा पहिला अंक धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. आयपी ४४ म्हणजे उडालेल्या पाण्याचे शिंतोडे सोसणारा दिवा, आयपी ६५ म्हणजे धूळ पूर्ण रोखणारा आणि पाण्याची धारही सोसणारा. आपण गोल दिवा आयपी ६५ आणि पट्टी आयपी ६७ अशी घ्यावी. दुकानात सहज मिळणारे घरगुती पॅनल बहुधा आयपी २० चे असतात. ते दिवाणखान्यासाठी ठीक आहेत, पण पाण्यापासून त्यांना कोणतेही संरक्षण नसते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, हे पाहून घ्या. बहुतेक वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. तो नसेल, तर दिव्यांच्या आधी तो बसवा, मग एखादा दिवा पुढच्या महिन्यावर ढकलावा लागला तरी चालेल.

प्रतिसाद

रंगाबद्दल लिहिते. माझ्या वडिलांसाठी आम्ही असाच बदल केला, तेव्हा त्यांच्या नेत्रतज्ज्ञांशी यावर सविस्तर बोलणे झाले होते.

वयानुसार डोळ्याची बाहुली आकुंचित राहू लागते आणि भिंग पिवळसर होते. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. शस्त्रक्रियेने भिंग बदलले की पिवळेपणा जातो, पण बाहुली लहानच राहते. म्हणून आपल्या सासूबाईंना प्रकाश भरपूर हवा आणि तो सौम्यही हवा. प्रकाशाची छटा केल्व्हिनमध्ये सांगतात. ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा दुकानात अधिक उजळ भासतो, पण पारदर्शक कृत्रिम भिंग बसवलेल्या अनेकांना तो टोचतो. ३००० केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश आपल्या हिरव्या लाद्यांवर मळकट दिसेल. ४००० केल्व्हिन घ्यावा, आणि दोन्ही दिवे एकाच रंगाचे असावेत.

खोक्यावर सीआरआय नावाचा आणखी एक आकडा असतो. वस्तूंचे रंग त्या प्रकाशात किती खरे दिसतात, ते त्यावरून कळते. साधे दिवे ८० चे असतात, ९० चे थोडे महाग पडतात. एरवी मी हा खर्च करा म्हटले नसते, पण त्वचेवरचा लालसरपणा, पायाची लहानशी जखम, औषधाच्या ट्यूबचा रंग हे सगळे वृद्ध माणसे न्हाणीघरातच पाहतात. मधुमेह असेल तर हे फारच महत्त्वाचे ठरते.

काचबिंदूत दोन जवळच्या छटांमधला फरक ओळखणे कठीण होते, त्यामुळे करड्या फरशीवरची निळी बादली उजेडातही हरवते. पिवळी किंवा पांढरी बादली, तशाच रंगाचे स्टूल आणि तांब्या आणावा. आमच्याकडे नव्या दिव्यांइतकाच या बदलाचाही उपयोग झाला.

प्रतिसाद

नवे दिवे लावण्याआधी माळ्याची खालची बाजू घासून तिला पांढरा, बिनचमकीचा, बुरशीरोधक रंग द्यावा. भिंतींच्या लाद्या बदलता येत नसल्या तरी एवढा पृष्ठभाग आपल्या हातात आहे आणि तो थेट डोक्यावर आहे. खिडकीच्या काचाही एकदा धुऊन घ्याव्यात, डक्टमधल्या धुळीने त्या हमखास आंधळ्या झालेल्या असतात.

धागाकर्ती

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलात लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. सासूबाईंनाही सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. पिवळ्या बादलीची सूचना त्यांना लगेच पटली आणि रंगकामासाठी माणूसही सांगून ठेवला आहे. मुख्य बोर्डात ईएलसीबी नाही, हे वायरमनने पाहून सांगितले, त्यामुळे कामाची सुरुवात तिथूनच होईल.

दोन शंका उरल्या आहेत. रात्री त्या एक-दोन वेळा उठतात, तेव्हा एकदम प्रखर दिवा लागला तर त्यांना त्रास होतो. यासाठी माणूस आत येताच आपोआप लागणारा सेन्सरचा दिवा योग्य ठरेल का? आणि आरशासाठी वेगळा दिवा आवश्यक आहे का?

प्रतिसाद

आधी आरशाबद्दल. आरशाच्या माथ्यावर लावलेल्या दिव्याने डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर उभे दिवे असतील तर त्या पडत नाहीत, परंतु त्यासाठी लाद्यांना छिद्रे पाडावी लागतील. छताचा गोल दिवा आरशाच्या अगदी वर न लावता बेसिनसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या किंचित पुढे आणि थोडा बाजूला घेतला, तर आपले काम वेगळ्या दिव्याशिवाय भागेल.

सेन्सरचा दिवा मुख्य दिवा म्हणून लावू नये. सामान्य सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखतो. माणूस स्टुलावर स्थिर बसला की त्याला खोली रिकामी वाटते आणि ठरलेल्या वेळेनंतर तो दिवा बंद करतो. डोक्यावर साबण असताना अचानक अंधार होणे, हाच सासूबाईंसाठी सर्वांत मोठा धोका आहे. आंघोळीचे दिवे साध्या बटणावरच ठेवावेत आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्यांतला एक तरी त्याच्या लाइनवर घ्यावा.

रात्रीसाठी मात्र सेन्सरचा उपयोग आहे. पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, अर्ध्या ते एक वॅटचा पिवळसर दिवा सेन्सरसह लावावा. न्हाणीघराच्या आत तसाच मंद दिवा कोरड्या बाजूला, स्वतंत्र बटणावर, रात्रभर चालू ठेवता येईल. त्याला लागणारी वीज नगण्य असते आणि अंधारात बटण शोधावे लागत नाही.

वायरमनकडून आणखी एक गोष्ट तपासून घ्या. जुन्या घरांत कधीकधी बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, जोडलेले आढळते. तसे असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज राहते आणि एलईडी दिवा बंद केल्यावर मंद मिणमिणत राहतो. टेस्टरने हे पाहायला काही मिनिटे पुरतात.

छिद्रे पाडण्यापूर्वी पट्टी आणि गोल दिवा चिकटपट्टीने तात्पुरते छताला लावून, सासूबाईंना कोरड्या फरशीवर त्यांच्या नेहमीच्या जागी बसवावे. बादली, तांब्या, साबण समोर ठेवून कुठे सावली पडते आणि कुठे डोळ्यांना त्रास होतो, ते त्यांनाच विचारावे. त्या सांगतील तसे दिवे चार-सहा इंच सरकवून घ्यावेत आणि मगच वायरमनला खुणा करायला सांगावे.