प्रति: गर्दीत अडकणारं पेमेंट

वर कोणीतरी म्हटलंय की गर्दीत यूपीआयचं चक्र नुसतं फिरत बसतं, त्यापेक्षा नोटा बऱ्या. आमच्या इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, दहानंतर पाचशेची नोट काढून बघा, गराडूवाला (गराडू म्हणजे तळलेला कंद) कसं तोंड करतो ते! मी तिथे यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधलंच छोटं पाकीट, वापरते. त्यात ५००० रुपयांपर्यंत भरून ठेवता येतात आणि एका वेळी १००० पर्यंत पिनशिवाय जातात. दर वेळी बँकेच्या मुख्य सर्व्हरला विचारावं लागत नाही, म्हणून अडकणं बरंच कमी. अर्थात रेंजच गेली तर हेही हात टेकतं.

खरी गंमत पासबुकात. पूर्वी दहा-वीस रुपयांच्या चहा-पोह्यांनी पानंच्या पानं भरायची, आई चष्मा लावून एकेक नोंद विचारायची. आता फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची ओळ दिसते. चौकशी बंद! (व्याज मिळत नाही, पण एवढ्या रकमेवर कसलं व्याज.)

एक मात्र सांभाळा. ही शिल्लक त्या फोनलाच बांधलेली असते. नवा फोन घेताय किंवा जुना रीसेट करताय, तर आधी लाइट बंद करून पैसे खात्यात परत घ्या.